गुरुवारची क्विझ लीग, नागपूर : प्रश्नसंचाच्या नोंदी, हंगाम २०२५

१२ जून २०२५, गुरुवार

जागेचा प्रश्न आज सुटला. सीताबर्डीतील एका परमिट रूमच्या मालकांनी वरच्या मजल्यावरचा हॉल दर गुरुवारी सायंकाळी साडेसात ते दहा या वेळेत लीगसाठी देण्याचे कबूल केले आहे. गुरुवारच का, तर गजानन महाराजांचा वार म्हणून त्यांची निम्मी गिऱ्हाइके त्या दिवशी ग्लासला हात लावत नाहीत आणि टेबले रिकामी राहतात. पुढे श्रावण लागला की ही गत रोजचीच होते. आमच्या आठ संघांपैकी तीन संघ लिंबू सोड्यापलीकडे जात नाहीत, हे मी त्यांना सांगितले नाही.

रचना अशी ठरली आहे : प्रत्येक संघात चार जण, प्रत्येक संघ इतर सातही संघांशी एकदा खेळेल, म्हणजे सात गुरुवारांत अठ्ठावीस सामने होतील. एका संध्याकाळचे चारही सामने एकाच तीस प्रश्नांच्या लेखी संचावर होतील, जेणेकरून अमक्याला सोपे आणि तमक्याला कठीण प्रश्न आले अशी ओरड राहणार नाही. उपांत्य आणि अंतिम सामने मात्र तोंडी, पाउन्स (आपली पाळी नसतानाही चिठ्ठीवर उत्तर देणे) आणि बाउन्स (न आलेला प्रश्न पुढच्या संघाकडे जाणे) या पद्धतीने होतील. प्रश्न मी काढायचे, ते तपासायचे काम माझ्या सहकाऱ्याकडे, आणि गुणलेखन काकूंकडे. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि पाव गुणाचाही हिशेब सोडत नाहीत.

पबमधली क्विझ ही मुळात ब्रिटनमधील प्रथा, तिथे ती १९७० च्या दशकात फोफावली. आपल्याकडे ही हौस दुसऱ्याच वाटेने आली. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये चर्चच्या सभागृहात पहिली खुली क्विझ घेतली, १९७२ मध्ये बोर्नव्हिटाची स्पर्धा रेडिओवर सुरू झाली, १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा कार्यक्रम दूरदर्शनवर आला आणि जुलै २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’ने घराघरांत चार पर्यायांची सवय लावली. ही शेवटची सवय मोडणे हे या हंगामाचे एक काम आहे. आमच्या संचात पर्याय नसतील.

२० जून, शुक्रवार

पोस्टकार्डाच्या आकाराची अडीचशे कार्डे कापून घेतली. पुढच्या बाजूला प्रश्न. मागच्या बाजूला उत्तर, स्वीकारायची इतर उत्तरे, दोन आधार आणि तपासल्याची तारीख. दोन आधार मिळाल्याशिवाय कार्ड डब्यात जाणार नाही, असा नियम सहकाऱ्याने घातला आणि मी तो मान्य केला.

गेल्या काही वर्षांत जमवलेल्या प्रश्नांची जुनी वही आज चाळली. तिच्यातले निम्मे प्रश्न बाद झाले आणि तेही उत्तरे चुकली म्हणून नव्हे. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, याला शाळेपासून हॉकी हे उत्तर आपण देत आलो, पण असा कोणताही खेळ अधिकृतपणे घोषित झालेला नाही, हे २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारातील उत्तराने केंद्र सरकारनेच सांगितले. राष्ट्रभाषेच्या प्रश्नाचेही तेच. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे, राष्ट्रभाषा नव्हे. पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा प्रश्न तर मराठी माणसांत भांडण लावण्यासाठीच जन्माला आला असावा. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, पण दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी पडद्यावर आला होता. तो नाटकाचे चित्रीकरण होता, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म लंडनला धुऊन आणली होती, म्हणून तो गणतीत धरू नये असे एक पक्ष म्हणतो. हा वाद आमच्या हॉलमध्ये सुटणार नाही. त्यामुळे प्रश्न उलटा केला : दोन दादासाहेब आणि दोन तारखा देऊन दोन्ही चित्रपटांची नावे विचारली.

नागपूर संस्थान खालसा कधी झाले, याला काही पुस्तके १८५३ म्हणतात आणि काही १८५४. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने संस्थान १८५४ मध्ये इंग्रजी राज्यात सामील केले, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या मागे काहीतरी खरे आहे. वर्ष विचारण्याऐवजी कोणत्या तत्त्वाखाली खालसा झाले ते विचारायचे ठरले.

२९ जून, रविवार

सकाळी सहकाऱ्याबरोबर झिरो माइलला गेलो. नागपूर हे भारताचे मध्य केंद्र आणि हा दगड म्हणजे त्याची खूण, असे आम्ही दोघेही लहानपणापासून पाहुण्यांना सांगत आलो आहोत. ही खूण मुळात भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आहे. तिथून अंतरे आणि उंची मोजली जात. मध्य म्हणावे तर कोणत्या भारताचे? ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या की आजच्या? आजच्या भारताचा मध्यबिंदू म्हणून मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातले करौंदी हे गाव सांगितले जाते. सीमा बदलली की मध्य बदलतो आणि मोजायची रीत बदलली तरी बदलतो, म्हणून ‘भारताच्या केंद्रस्थानी कोणते शहर’ हा प्रश्न नागपूरकरांना कितीही गोड वाटला तरी आमच्या डब्यात बसत नाही.

तरी फेरी वाया गेली नाही. वाळूच्या दगडाचा उंच खांब, त्याच्या सोबतीला चार घोडे, आणि षट्कोनी चौथऱ्यावर कोरलेली गावे : हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे १०२०.१७१ फूट अशी कोरली आहे. सहकारी बराच वेळ त्या दशांशचिन्हाकडे पाहत उभा होता. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि तो पकडण्यासाठी लोकांनी समुद्रापासून इथवर उन्हातान्हात दुर्बिणी आणि मोजपट्ट्या वाहून आणल्या. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर हाच आकडा विचारू आणि जवळचे उत्तर देणारा संघ जिंकेल. प्रश्नाचे शब्द तिथेच लिहिले : ‘झिरो माइल येथे समुद्रसपाटीपासूनची उंची किती फूट कोरलेली आहे?’ कार्ड क्रमांक २४१, बंद पाकिटात.

४ जुलै, शुक्रवार

मराठीत प्रश्न काढण्याची एक अडचण आज नीट लक्षात आली. इंग्रजीत जे लपते ते मराठीत क्रियापद बोलून टाकते. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या त्या शास्त्रज्ञ कोण, असे मी लिहिले आणि वाचता वाचता उत्तर आपोआप बाहेर पडले. ‘त्या’ म्हटल्यावर मेरी क्युरी सोडून कोणाचे नाव येणार? शेवटी ‘व्यक्ती’ हा शब्द कामी आला, कारण तो पुरुषासाठीही स्त्रीलिंगीच चालतो. क्युरी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल १९०३ मध्ये आणि रसायनशास्त्राचे १९११ मध्ये मिळाले. ‘विज्ञानशाखा’ हा शब्द मात्र काढून चालणार नाही, कारण लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्र आणि शांतता अशी दोन नोबेल मिळाली आहेत, आणि एकाच शाखेत दोनदा मिळवणारे बार्डीन, सँगर आणि शार्पलेस आहेतच.

असाच घोटाळा नद्यांचा. ‘तिबेटमध्ये सांग्पो म्हणून ओळखला जाणारा नद कोणता’ असे विचारले की ब्रह्मपुत्रा ताटात वाढून दिल्यासारखी होते, आणि ‘नदी’ लिहिले की कोणीतरी काका उठून ब्रह्मपुत्रा हा नद आहे अशी हरकत घेतात. ‘प्रवाह’ लिहून सुटका करून घेतली.

१० जुलै, गुरुवार : फेरी १

पहिली संध्याकाळ पार पडली. माइक ऐन वेळी बंद पडला, त्यामुळे संच मोठ्याने वाचावा लागला आणि शेवटी घसा बसला.

सर्वांत चांगला चाललेला प्रश्न असा होता : ‘जमशेटजी टाटांच्या नागपुरातील कापड गिरणीचे अधिकृत नाव लांबलचक होते, पण १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली त्यामुळे तिला एक वेगळेच नाव चिकटले. त्याच दिवशी दिल्लीत काय घडत होते, याचा विचार करून ते नाव सांगा.’ उत्तर एम्प्रेस मिल. त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. नागपूरकराला गिरणीचे नाव माहीत असते, पण ते नाव कशामुळे पडले याचा विचार त्याने केलेला नसतो. क्विझवाले अशा प्रश्नाला वर्केबल म्हणतात, म्हणजे उत्तर पाठ नसले तरी डोके चालवून तिथवर पोचता येते. सहा संघ पोचले.

सर्वांत वाईट चाललेला प्रश्नही नागपूरचाच. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध सुनील गावसकरांनी एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक कोणत्या शहरात केले, असे मी विचारले आणि आठही संघांनी प्रश्न पुरा होण्याआधीच लिहायला घेतले. या शहरात त्या दिवशी स्टेडियममध्ये नसलेला काका सापडणे कठीण आहे. सिव्हिल लाइन्सच्या मैदानात तेवढी जागा कशी होती, हा वेगळा विषय आहे. असा फुकटचा प्रश्न संचात एखादा असावा लागतो, पण पहिल्या पाचांत नको होता. विचारायचेच होते तर त्याच सामन्यातली चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक विचारायला हवी होती. विश्वचषकातली ती पहिली, आणि रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड हे तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले होते.

१७ जुलै, गुरुवार : फेरी २

आज माझ्या हातून चूक झाली. ती सविस्तर नोंदवून ठेवणे भाग आहे.

प्रश्न क्रमांक १९ : ‘१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी महाराष्ट्रातील कोणत्या किल्ल्यावरून निरीक्षण करून हेलियमचा शोध लावला?’ कार्डाच्या मागे उत्तर विजयदुर्ग, खाली दोन आधार, तारीख, सर्व काही रीतसर. पाच संघांनी विजयदुर्ग लिहिले आणि गुण घेतले. धरमपेठेच्या संघाने जागा कोरी ठेवली आणि त्यांचा सामना एका गुणाने गेला.

निकाल वाचून झाल्यावर महालच्या संघातले निवृत्त विज्ञान शिक्षक माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या संघाने विजयदुर्ग लिहूनच गुण मिळवला होता, तरीही ते म्हणाले, ‘उत्तर तुमच्या कार्डावर काय असणार हे ओळखून आम्ही लिहिलं. पण लॉकियर त्या दिवशी भारतात होते कुठे?’ धरमपेठेच्या कर्णधाराने हे ऐकले आणि तो तिथूनच ओरडला, ‘काहून भाऊ, मंग आमचा गुण काहून गेला?’

२० जुलै, रविवार

तीन दिवस हेच काम केले. सरांचे म्हणणे बरोबर आहे.

त्या ग्रहणाची छाया दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली होती आणि फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूरहून ते पाहिले. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की त्या ग्रहणाविनाही दिसतील हे त्यांच्या ध्यानात आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या भर उजेडात पाहिल्या. लॉकियर इंग्लंडमध्येच होते. तिथून, कोणत्याही ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि फ्रान्सने दोघांच्या चेहऱ्यांचे एकच पदक काढले. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांजवळची तिसरी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. लॉकियर यांनी सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडले, जेव्हा विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून ते वेगळे केले.

मग विजयदुर्ग कुठून आला? तोही हवेतून आलेला नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर त्यांच्या उपकरणांचे चौथरे उरले, लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणू लागले, आणि पुढे कोणीतरी एका माणसाची दोन ग्रहणे एकत्र केली. गोष्ट इतकी सुबक जुळते की ती खोटी असेल असा संशयही येत नाही.

आमच्या नियमाचे काय झाले, तेही पाहिले. कार्डावर दोन आधार होते, पण दोन्ही लेखांतली वाक्ये शेजारी ठेवून वाचली तेव्हा एकच चूक, त्याच क्रमाने, एका ठिकाणी तर त्याच स्वल्पविरामासह आढळली. दोन घागरी होत्या, पाणी एकाच विहिरीचे होते. सहकाऱ्याने नियमात भर घातली : दुसरा आधार पहिल्यावरून उतरवलेला नसावा, आणि तसे तपासणाऱ्याने सही करून लिहावे. आता डब्यातली उरलेली सर्व कार्डे पुन्हा तपासावी लागणार आहेत.

निर्णय : प्रश्न १९ रद्द. पाच संघांचा एकेक गुण वजा. धरमपेठेचा सामना बरोबरीत, आणि एका दुसऱ्या संघाचा जिंकलेला सामनाही बरोबरीत गेला. त्या संघाने ‘आम्ही तुम्हाला हवं तेच उत्तर दिलं, त्यात आमचा काय दोष’ असे लेखी कळवले. त्यांची तक्रार रास्त आहे, पण निर्णय बदलता येत नाही.

२४ जुलै, गुरुवार : फेरी ३

सुरळीत. या फेरीतला एक प्रश्न माझ्या मते हंगामातला सर्वांत चांगला होता : ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा नागपूर कोणत्या राज्यात होते?’ पाच संघांनी मुंबई राज्य लिहिले, दोघांनी महाराष्ट्र. उत्तर मध्य प्रदेश. त्या राज्याची राजधानीच नागपूर होती. राज्यपुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आली, म्हणजे दीक्षा समारंभानंतर अठरा दिवसांनी. मुंबई राज्य, आणि १९६० नंतर महाराष्ट्र, हे त्याच्या पुढचे. उत्तर देणारा एकमेव संघ दीक्षाभूमीच्या बाजूलाच राहणाऱ्या मुलींचा आहे. त्यांच्यातल्या एकीच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मध्य प्रदेश लिहिलेले आहे.

२७ जुलै, रविवार

कार्ड क्रमांक ११२ धोक्यात आहे. ‘ग्रँडमास्टर किताब मिळवलेल्या भारतीय महिला किती?’ उत्तर तीन : कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका, वैशाली रमेशबाबू. तपासल्याची तारीख २ जुलै. विचारायचे आहे ३१ जुलैला. जॉर्जियातील बाटुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत हंपीसमोर आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बसली आहे, आणि ती जिंकली तर नियमानुसार थेट ग्रँडमास्टर होईल. काल आणि आज दोन्ही डाव बरोबरीत सुटले. उद्या जलद डावांवर निकाल.

२९ जुलै, मंगळवार

दिव्या जिंकली. तिच्या नावावर स्पर्धेपूर्वी ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, आणि आता ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर आहे. काल संध्याकाळी बर्डीवर पेढ्यांच्या दुकानापुढे उभा राहून मी कार्डावरचा तीन खोडून चार केला, त्यावर ‘२८ जुलै २०२५ अखेर’ असे लिहिले, आणि मग लक्षात आले की हा प्रश्न आता या शहरात प्रश्नच उरलेला नाही.

३१ जुलै, गुरुवार : फेरी ४

कार्ड ११२ फिरवून विचारले : ‘दिव्या देशमुखच्या आधी हा किताब मिळवलेल्या तिन्ही भारतीय महिलांची नावे लिहा.’ हंपी सर्वांना आली, हरिका सहांना. तिसऱ्या नावापाशी एका संघाने ‘प्रज्ञानंदची बहीण’ असे लिहिले आणि हरकत घेतली की प्रज्ञानंदला एकच बहीण आहे, म्हणजे उत्तर नेमके आहे. काकूंनी त्यावर माझ्याकडे न पाहताच फुली मारली. प्रश्नात नावे मागितली होती.

७ ऑगस्ट, गुरुवार : फेरी ५

काही सांगण्यासारखे नाही. लाइट गेली, वीस मिनिटे थांबलो.

१४ ऑगस्ट, गुरुवार : फेरी ६

शनीला किती उपग्रह, हा प्रश्न वगळला. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. शाळेत आपण पाठ केलेला कोणताही आकडा आता उपयोगाचा नाही. त्याऐवजी सर्वाधिक उपग्रह कोणत्या ग्रहाला, असे विचारले, कारण गुरू शंभराच्या आतच आहे आणि हे अंतर एका हंगामात भरून निघण्यासारखे नाही. अशा कार्डांवर आता लाल पेनाने कोपऱ्यात ‘मुदत’ लिहिले जाते. राज्ये २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८, आफ्रिकेतले संयुक्त राष्ट्रांचे सदस्य ५४, कझाकस्तानची राजधानी अस्ताना (मधली तीन वर्षे ती नूरसुलतान होती) ही सर्व लाल कोपऱ्याची कार्डे आहेत.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी धरमपेठेच्या कर्णधाराचा संदेश आला : ‘जागतिक हेलियम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा.’ सोबत विजयदुर्गाचा फोटो.

२० ऑगस्ट, बुधवार

उद्याची सातवी फेरी पुढे ढकलली. पोळा, तान्हा पोळा आणि मारबत एकामागोमाग आहेत. महालच्या संघातले दोघे बडग्याच्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, तयारीत अडकले आहेत आणि त्यांच्या गल्लीत आत्ता हेलियम कोणी शोधला याचे कोणाला काही पडलेले नाही. मागोमाग गणपती. सातवी फेरी थेट ११ सप्टेंबरला.

११ सप्टेंबर, गुरुवार : फेरी ७

साखळी संपली. महाल पहिला, धरमपेठ दुसरा. २० जुलैचा निर्णय नसता तर धरमपेठ पाचवा राहिला असता, ही गोष्ट पाचव्या संघाने मोजून काढली आहे आणि हॉलमधील प्रत्येकाला सांगितली आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार : उपांत्य सामने

तोंडी पद्धतीत एक नवीच अडचण दिसली. पाउन्स करणारा संघ उत्तर चिठ्ठीवर लिहून देतो आणि चुकले तर गुण वजा होतात, हे ठीक. पण चिठ्ठी देताना चेहऱ्यावर जे समाधान पसरते त्यावरून समोरचा संघ प्रश्न सोपा आहे हे ओळखतो. काकूंनी सुचवले की पाउन्स नसला तरी प्रत्येक वेळी प्रत्येक संघाने चिठ्ठी द्यावी, हवी तर कोरी. लगेच अमलात आणले. महाल आणि धरमपेठ अंतिम फेरीत.

अंतिम सामना २ ऑक्टोबरला घ्यावा अशी एक सूचना होती. त्या दिवशी दसरा, गांधी जयंतीचा ड्राय डे आणि दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी. सूचना करणारा पुण्याचा आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार : अंतिम सामना

चोवीस प्रश्न, आणि शेवटी दोघांचे ९५. पाकीट फोडून कार्ड २४१ वाचले. दोन्ही संघांना एक मिनिट.

महालच्या सरांनी पेन उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार मांडला. नागपूरची उंची ३१० मीटर हे त्यांना पाठ होते, त्याला ३.२८ ने गुणून त्यांनी १०१७ लिहिले. धरमपेठेच्या कर्णधाराने बराच वेळ डोळे मिटून, तो दगड आठवत असल्यासारखे, १०२५ लिहिले. काकूंनी फळ्यावर वजाबाकी केली : ३.१७१ आणि ४.८२९. महाल विजेता.

धरमपेठेने लगेच हरकत नोंदवली. उंची खांबाच्या टोकाची की पायाची, समुद्रसपाटी कोणत्या बंदरातली, आणि नव्या मोजणीत आकडा बदलला असेल तर काय, असे तीन मुद्दे. तिन्ही मुद्दे चांगले आहेत. जून महिन्यात मी ‘झिरो माइलची उंची किती’ असे लिहिले असते, तर आज मला उत्तर देता आले नसते. प्रश्नात ‘कोरलेली’ हा शब्द आहे, तो मी फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारली. हरकत फेटाळली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कर्णधाराचे समाधान झाले नव्हते, म्हणून सकाळी सात वाजता तो, मी आणि कार्ड असे झिरो माइलला गेलो. रस्त्यावर अजून वाहने कमी होती. त्याने वाकून अक्षरांवरून बोट फिरवत आकडा वाचला, कार्डाशी ताडून पाहिला आणि शेवटच्या एकावर बोट तसेच ठेवून विचारले, ‘भाऊ, हा एक मोजला कशानं असंल?’

चहा घेताना त्याच्याच हाताने ते नव्या कार्डावर लिहून घेतले. पुढच्या हंगामाचे कार्ड क्रमांक १. मागची बाजू कोरी आहे, दोन आधार शोधायचे काम त्याच्याकडे दिले आहे.